परिसर अभ्यास, चौथी ब

दांडेकर पुलाजवळच्या आमच्या शाळेत
खिडकी उघडली की आधी आंबील ओढ्याचा वास आत येतो,
मग उजेड.

फळ्यावर लिहिलं : समुद्र का महत्त्वाचा?
एकतीस पोरांत समुद्र पाहिलेले हात चार,
त्यातला एक खडकवासल्याचा निघाला.

चिमूट चिमूट मीठ वाटलं.
डब्यातून सुकट नेली होती, कार्तिकीनं झाकणावरूनच ओळखली,
बाकीच्यांनी नाकं धरली.
म्हटलं, धरलीच आहेत तर ऐका :
जगातला जवळजवळ निम्मा प्राणवायू
समुद्रातली बारीक, डोळ्यांना न दिसणारी हिरवळ बनवते.
नाकं सुटली. वर्ग मोजायला लागला :
एक झाडाचा, एक समुद्राचा,
एक झाडाचा, एक
ओवेस म्हणाला, बाई, उचकी कुणाची धरायची?

मग नकाशा.
पुण्यावरून सगळी बोटं डावीकडं सरकली,
करंगळीच्या पेराएवढं अंतर. हा आपला समुद्र!
नाही रे. जवळचा आहे, आपला नाही.
सह्याद्रीला पाठ टेकून बसलंय आपलं गाव,
ओतायचं ते सगळं पुढ्यात ओततं. उगवतीला.

लोकरीचा धागा धरला :
ओढ्यातून मुठा, मुठेतून भीमा,
उजनीत थोडा गुंतला,
रायचूरच्या अलीकडं कृष्णेला मिळाला, मग पुढं, पुढं,
आणि विजयवाड्याशी धागाच संपला.
जोयाची रिबीन सोडवून गाठ मारली.

तेव्हा शेवटच्या बाकावरून नूकराजू उठला.
बाप सेंट्रिंगच्या कामावर,
जूनपासून याचं मराठी म्हणजे 'हजर'.
चालत आला, रिबिनीच्या टोकाशी बोट टेकलं.
"इथं आमचं घर. ताता मासे धरतो.
तुमचं पाणी तिथं येतंय, बाई.
सगळं येतंय. बाटली येतंय. पिशवी येतंय.
चप्पल येतंय."

वर्गात पंखा तेवढा ऐकू आला.
मी काहीतरी बोलायला हवं होतं,
शिकवणारी मी होते.

"निळी?" दुर्गेश बाकावर चढलेला.
"निळी आहे का? उजव्या पायाची?
गणपतीत ओढा चढला तेव्हा गेलेली?"

नूकराजूनं डोळे मिटून आठवून पाहिलं.
खरोखर आठवून पाहिलं.
"फोनवर विचारतो ताताला."

घंटा झाली.
प्रदूषणाचा परिच्छेद राहिला, प्रवाळांचं चित्र राहिलं,
जोयाची रिबीन नकाशावरच राहिली,
ती एका वेणीनं घरी गेली.

आता रात्री वह्या तपासतेय.
प्रश्न दोन गुणांचा.
लाल पेन उघडं धरून किती वेळ झाला कोण जाणे.
दुर्गेशनं लिहिलंय, रेघ सोडून, मोठ्या अक्षरांत :

कारण माझी एक चप्पल तिकडे आहे.
दुसरी घरी आहे.