खाली लेथ, वर आम्ही

उद्यमनगरात खाली लेथ, वर आम्ही नऊजण.
दहाला दोन्ही सुरू होतं
आणि माझ्या टेबलावरचा चहा थरथरतो,
कपात बारीक वर्तुळं.
अकरा वर्षांत वर्तुळं तेवढीच राहिली,
कप तीनदा बदलला.

आम्ही दूध मोजायचं सॉफ्टवेअर करतो.
गावोगावच्या संस्थांचं. लिटर, फॅट, दर, बिल.
लग्नात कुणीतरी विचारतं, "आयटीत ना?"
मी हो म्हणते.
"मग इकडं कशी?"
जणू आयटी म्हणजे टोलनाक्यापलीकडचं गाव
आणि माझी गाडी अलीकडंच पंक्चर.

मगदूम सर माणूस वाईट नाही.
दिवाळीआधी एकेकाला आत बोलावतात,
ड्रॉवर उघडतात, मिटतात,
"यंदा वसुलीच नाही गं पद्मजा."
मग नवं व्हिजिटिंग कार्ड देतात.
प्रोग्रॅमर होते, सीनियर झाले,
मग टीम लीड. टीममध्ये मी आणि ओंकार,
त्यातला ओंकार दुपारनंतर वजनकाटे पोचवायला जातो.
यंदा 'हेड'.
जुन्या कार्डांच्या पाठीवर मी किराणा लिहिते.
सीनियरवर गूळ दोन किलो,
टीम लीडवर हिंग, खोबरं, तीळ संपलेत.

तौफिक हिंजवडीला गेला.
जाताना त्यानं कीबोर्ड उलटा करून आपटला,
सहा वर्षांचं फरसाण पडलं.
परवा फोनवर म्हणाला, माझ्या वर सात माणसं आहेत,
सातव्याला अजून बघितलेलं नाही.
माझ्या वर एकच,
आणि तो आत्ता
इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालतोय.

मीही गेले होते एकदा.
मावशीचं ऑपरेशन सांगून.
काचेची खोली, थंडगार.
"पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता?"
म्हणाले, "मी तर रोज नवीन शिकतो..."
आणि थांबले.
आमच्याकडं बायकाही येतो, जातो, करतोच म्हणतात.
कामावर मी ते घासून घासून काढलेलं,
पण घाबरलं की आतलं तोंड बोलतं.
समोरची बाई हसली नाही,
तिनं फक्त काहीतरी टाइप केलं.
परतीच्या एसटीत पेठ नाक्यापर्यंत
मी मोजत होते, किती अक्षरं असतील.

आज पहाटे पाच चाळीसला फोन.
भुदरगडातल्या कुठल्याशा वाडीचे सचिव.
"मॅडम, मशीन म्हशीची फॅट पासष्ट दाखवतंय.
अहो, हे तर लोणीच झालं की!"
मागं किटल्यांचा आवाज,
कुणीतरी ओरडतंय, आवर की लेका, टेम्पो थांबलाय.
अंथरुणातच पोटावर लॅपटॉप घेतला.
एक टिंब हललेलं.
सहा आणि पाचच्या मध्ये
परत बसवलं.
फोनमधून प्रिंटरची किरकिर ऐकू आली,
मग एका म्हातारीचा आवाज, "निघाली बाई चिठ्ठी,"
मग टेम्पो.
सचिव फोन ठेवायला विसरले होते.
मीही नाही ठेवला.
दूर कुठंतरी रेडकू ओरडत होतं.

अर्जात एक रकाना असतो, 'उल्लेखनीय कामगिरी'.
त्यात टिंब कसं लिहायचं
मला अजून जमलेलं नाही.

संध्याकाळी सासने मामा लेथ पुसत असतात,
मी जिन्यावरून उतरते,
चपलेला लोखंडाचा कीस चिकटतो.
घरी दारातच माझा विराज
जुन्या स्पीकरचा लोहचुंबक घेऊन बसलेला.
"पाय वर कर," म्हणतो,
तळवा तपासतो,
एकेक कण उचलून बरणीत टाकतो.
पहिलीत होता तेव्हापासून साठवतोय,
आता पाचवीत आहे.
बरणी उजेडाकडं धरून म्हणाला,
"आई, अजून पाव पण नाही भरली."
मग हलवली.
आवाज बरा येतो.