पिन दुमडायची राहिली

मर्डोने दोन हिवाळे दिले तिला.
बासष्ट सालची लँड रोव्हर.
काईबर्नच्या एका कुरणात सापडली तेव्हा
मागच्या बाकावर कोंबडी अंड्यांवर बसली होती.

त्याने बोल्ट न् बोल्ट रॉकेलमध्ये बुडवून काढला,
चासीचा गंज खरवडता खरवडता
नखं काळी झाली ती काळीच राहिली,
आणि रंग
रंगासाठी तीनदा डनीडनला गेला.
फिकट हिरवा, पण तोच फिकट हिरवा.
डब्याचं झाकण उन्हात धरायचा
आणि माझ्याकडे बघायचा,
जणू मला दिसतोय फरक.

मी म्हटलं, पट्टे बसव.
तो म्हणाला, मूळ गाडीला पट्टे नव्हते.
मी म्हटलं, मूळ गाडी चालवणारे आता कुठे आहेत?
बत्तीस वर्षं रात्रपाळी केली आहे मी,
स्टिअरिंगने छातीवर उमटवलेली वर्तुळं पुसली आहेत
कोमट पाण्याने, कापसाने,
बाहेर बाकड्यावर त्यांच्या बायका बसलेल्या असताना.

तडजोड झाली:
माझ्या बाजूला पट्टा,
त्याच्या बाजूला इतिहास.

नव्या गाड्यांचा दांडा म्हणे धडकेत स्वतःतच मिटतो,
दुर्बिणीसारखा.
लोखंडाला माघार घ्यायला शिकवलं कुणीतरी.
हिचा दांडा सरळ, एकसंध,
बंपरामागून निघून थेट बरगड्यांवर रोखलेला,
साठ वर्षं नेम न हलवता.
टाकी सीटखाली. छप्पर ताडपत्रीचं.
ती टिकावी म्हणून बांधली होती.
ती टिकली.

सोमवारी रॅनफर्लीला तपासणी होती.
रविवारी ऊन पडलं.
"खिंडीपर्यंत," तो म्हणाला. "फक्त खिंडीपर्यंत."

पॉप्लर पिवळे झाले होते.
तो शीळ घालत होता, एकच ओळ, पुन्हा पुन्हा,
पुढची कधीच न आठवणारी.
उतारावर, तिसऱ्या वळणाला,
त्याने चाक डावीकडे फिरवलं.
गाडी वळली नाही.
आणखी फिरवलं. आणखी.
ते फिरतच राहिलं, हलकं,
पातेल्यावरच्या झाकणासारखं,
आणि मर्डोने माझ्याकडे पाहिलं
तसंच,
रंगाचा डबा उघडल्यावर बघायचा तसं.

मग खडी. मग नुसतं आभाळ.
मग मटागौरीची काटेरी जाळी,
जिला आम्ही दर वर्षी शिव्या देत तोडतो,
तिने आम्हाला झेललं.

आवाज थांबला तेव्हा पेट्रोलचा वास होता,
आणि वरच्या अंगाला एक मेंढी
चरायची थांबलीसुद्धा नव्हती.

माझ्या खांद्यापासून कमरेपर्यंत
निळा तिरका वळ, शाळेच्या दप्तराच्या बंदासारखा.
त्याच्या चार बरगड्या.
फुप्फुसाची दांड्याने नुसती विचारपूस केली
आणि सोडून दिलं.

गाडी ओढायला हेमी आला.
खाली वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला.
एक सांधा निसटून लोंबत होता, आटे शाबूत.
नट कुठे पडला ते खिंडीला ठाऊक.
"पिन घातली असणार यानं," तो म्हणाला,
"टोकं दुमडायची राहिली."

मर्डो काही बोलला नाही.
अजून बोललेला नाही.
मलाच आठवलं, टाके काढायच्या दिवशी:
जूनमधली संध्याकाळ, तो गाडीखाली,
बाहेर फक्त बूट,
आणि मी ओट्यापासून ओरडले होते,
सूप निवतंय.

आता दोन्हीकडे पट्टे आहेत.
डोक्यावर पोलादी कमान आहे,
मिटणारा दांडा आहे, दुसऱ्याच कुठल्या गाडीचा,
आणि डाव्या मडगार्डवरचा चेमटा तसाच आहे.
त्याला रंग लावायचा नाही म्हणतो.

परवा जेवायला बोलवायला गेले.
तो खाली. बाहेर फक्त बूट.
मी हाक मारली नाही.
दाराशी उभी राहिले, हातातला पंचा पिळत,
पकडीचा आवाज येईपर्यंत:
एक टोक इकडे.

एक टोक तिकडे.