निळी का पिवळी

वसमतच्या नाक्यावर स्कूटीनं मान टाकली.
खांद्याला लसींचा डबा,
चार गावं बाकी.

खाजामियांनी टोपण उपटलं, पाना बसवला,
प्लग काढून माझ्याच तळहातावर ठेवला.
"जबान बघा सिस्टर. तुमचंच काम. रंग सांगा."

काळी, म्हटलं. ओशट.
त्यांनी अंगठ्यानं काजळी पुसली, हुंगली.
"ऑइल लई पाजता हिला.
पांढरी असती तर तापली म्हणलो असतो.
विटकरी पाहिजे. विटकरी म्हणजे
खाल्लेलं अंगी लागतंय."

नवा प्लग. फटीत वहीचा पुठ्ठा सरकवून
वरून एक ठोका,
अंडं फोडावं पण फुटू नये असा.
मग इंजिनाला टेकवून किक मारली
आणि बघत राहिले भलतीकडंच,
रसवंतीच्या दिशेला.
"निळी का पिवळी?"
निळी.
"पक्कं?"

तेव्हा कुठं माझं लक्ष गेलं.
दोन्ही बुबुळांवर साय.
कधीपासून?
"टिक् ऐकू येतंय की. बस्स झालं."

आटे बोटांनीच जुळवले, एकदाही न चुकता.
शेवटी पान्याचा पाव फेरा.

प्लगचे तेवढे घेतले, मजुरी नको म्हणाले.
मी केसपेपरच्या पाठीवर लिहिलं:
मोतीबिंदू. शिबिर. सोमवार. सोबत माणूस आणा.
चिठ्ठीची घडी करून त्यांनी
जुन्या प्लगांच्या डालड्याच्या डब्यात टाकली.

निघताना मी लसींचा डबा
झाकण न उघडता कानाशी धरून हलवला.
बर्फ अजून खडखडत होता.