दहा-तीस

घाट रोडवर सुट्या भागांची तीन दुकानं, दोनशे पावलांत.
तिन्हीकडे एकच प्रश्न विचारला.
तीन तेलं सांगितली गेली.

पहिल्यात निखाडे. कानात फोन चालू.
त्यानं मला पाहिलं नाही, स्कूटरला पाहिलं,
तीही दारातून अर्धीच दिसत होती.
"वीस-चाळीस टाका मॅडम. जाडं.
पातळ तेल मे महिन्यात चहासारखं उकळते."
म्हटलं, पुस्तकात दहा-तीस लिहिलंय.
"पुस्तक जपानात लिहिलं," तो म्हणाला,
"तिथं सत्तेचाळीस डिग्री असते काय?"
आणि परत फोनवर, "हं, बोला भाऊ."

दुसऱ्यात तिजारेकाका. चष्मा कपाळावर.
त्यांनी डबा फोडला, थेंब बोटावर घेतला,
अंगठ्यानं चोळला, हुंगला,
लोणी कढवताना बघतात तसं बघितलं.
"हे न्या. ट्रकवाले नेतात.
बुटीबोरीहून निघतात ते सरळ हैदराबाद."
काका, माझी स्कूटर आहे. मी मानेवाड्यापर्यंत जाते.
"तर काय झालं?
तेलाले थोडीच समजते कोणत्या गाडीत आहे ते!"

क्षणभर पटलं सुद्धा.
इतक्या मायेनं सांगितलेलं पटतंच.

तिसऱ्यात एक पोरगा,
तेल कंपनीचा टी-शर्ट, दोन मापं मोठा,
बाह्या कोपराखाली.
त्यानं सर्वात महाग डबा पुढे सरकवला.
हेच का, विचारलं.
त्यानं भिंतीवरच्या पोस्टरकडे पाहिलं.
पोस्टरवर रेसची मोटरसायकल होती, धूर होता,
उत्तर नव्हतं.
"सगळे हेच नेऊन राहिले," तो म्हणाला.
मी तिथंच उभी.
मागं पंखा नुसता गरम हवा ढवळत होता.
मग तो हळूच, आतल्या खोलीकडे बघत,
"खरं सांगू काय ताई? मले तीनच आठवडे झाले.
शेठनं सांगितलं, कोणी विचारलं का थांबायचं नाही.
थांबलं का गिऱ्हाईक जाते."

थांबायचं नाही.

मी प्रतापनगरात औषधाच्या दुकानात आहे,
नऊ वर्षं, काउंटरच्या त्याच्याच बाजूला.
"पोटात आग होऊन राहिली बाई" म्हटलं
की हात आपणच तिसऱ्या खणात.
जेवणाआधी एक. पाच दिवस.
पाचच का, कोणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर
मीही भिंतीकडे पाहिलं असतं,
आमच्याकडे तिथं हसऱ्या बाळाचं कॅलेंडर आहे.
घोडमारे नावाचे एक म्हातारे
खास रिक्षा करून सांगायला आले होते,
गोळीनं लय बरं वाटलं.
कोणती दिली होती, मला आठवेना.
"म्हटलं नव्हतं मी?" असं म्हणाले.
वर खोकल्याचं औषधही खपवलं.

"दहा-तीस आहे का?" मी विचारलं.
"स्कूटरचं. सातशे मिली."
तो शिडीवर चढला.
वरच्या फळीवर, जुन्या क्लच प्लेटांच्या मागे,
एक डबा निघाला, धुळीनं राखाडी.
त्यानं टी-शर्टच्या पोटानं पुसला,
कंपनीचं नाव काळं झालं.
छापील अक्षरं अर्धी उडालेली,
महिना दिसत होता, साल नाही.

"ताई," शिडीवरूनच त्यानं विचारलं,
"तेलाले एक्सपायरी असते काय?"

तो विकत नव्हता.
त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.
दुकानात पहिल्यांदाच कोणीतरी
माहीत नसल्यासारखं विचारलं होतं,
आणि ते मला.

"असते," मी म्हणाले.
"किती?"
"तीन वर्षं."

एवढ्या झटकन तर मी
क्रोसिनसुद्धा देत नाही.

त्यानं कानामागचं पेन काढलं
आणि तळहातावर लिहून घेतलं.