नाण्याचा आवाज

आमच्या गावात सळई बनते.
रात्री मिलच्या बाजूचं आभाळ तांबूस असतं
आणि बाबांच्या बनियनला एकोणतीस वर्षं
त्याच आभाळाच्या ठिणग्यांची भोकं.

अशा घरात मी काळं कापड आणलं, चार मीटर.
कुरियरवाला म्हणाला, छत्र्या शिवता का?
हातात घेतलं तर वजन लागेना.
तिरपं धरलं की उजेड त्यावरून चालायचा,
एक मुंगी उभी, एक आडवी.

न्हाणीचं जुनं दार जमिनीवर टाकलं,
त्यावर खडूनं कोन आखले, बहात्तर, त्र्याहत्तर.
कडीचं भोक बरोबर तिथं आलं
जिथं मागच्या चाकाचा आस येणार होता.
हवा ओढायला भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर.
चिकटू नये म्हणून परकराचं नायलॉनचं अस्तर.
वैजूताईची कात्री.
परत दिली तेव्हा तिनं आधी कागद कापून पाहिला
आणि मग माझ्याकडं पाहिलं.

रेझिनच्या डब्यावर लिहिलेलं:
पंचवीस अंशाला चाळीस मिनिटं.
जालन्यात मे महिन्यात
पंचवीस अंश कुणी पाहिलेत?
पहिला कप सातव्या मिनिटाला हातातच तापला,
धुरला,
मध होता तो दगड झाला, ब्रश आत उभाच.
आई आता तो दाराला अडसर म्हणून लावते.

मग पहाटे साडेतीनचा गजर.
एक थर सरळ, एक तिरपा, पुन्हा सरळ,
सांध्यांवर नऊ.
वरून फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या, करकचून.
आई चहा घेऊन आली, म्हणाली,
कुणाचा पाय मोडलाय?

पाच वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली.
पंप थांबला, पिशवी सैल पडायला लागली.
मी खालचा सांधा दोन्ही तळव्यांत धरला,
चोर धरावा तसा,
पन्नास मिनिटं.

दुपारी उन्हानं भरपाई केली.
गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बासष्ट अंश.
भट्टीचे पैसे वाचले.

मग घासणं. नळ आठव्या दिवशी येतो,
म्हणून तेच काळं पाणी फडक्यातून गाळून
पुन्हा पुन्हा.
कोपरापर्यंत खाज,
झोपेत मी स्वतःलाच पॉलिशपेपर लावत होते.

बाबा तोवर एकदाच बोलले होते.
काय करू राह्यली गं? कापडाची सायकल?
त्या दिवशी पाळीवरून आले, जेवले नाहीत.
खिशातून दोन रुपयांचं नाणं काढलं
आणि नळीवर वाजवत निघाले.
मिलनं त्यांचे कान कधीच घेतलेत,
म्हणून डाव्या हाताचा अंगठा टेकवून,
अंगठ्यानं ऐकत.
टक्. टक्. टक्. टक्.
खालच्या सांध्याशी, टप्.
इथं हवा हाय, म्हणाले.

बरोबर तिथं,
जिथून त्या पहाटे
मी डास मारायला हात उचलला होता.

कापलं, घासलं, पाच थरांचं ठिगळ लावलं.
ते दिसतं, वीण बोटभर सरकलीय.
रंग दिला नाही.

कडूबा आडत्याच्या काट्यावर वजन केलं,
अकराशे नव्वद ग्रॅम.
फक्त सहा मोसंब्या, तो म्हणाला,
आणि सातवी माझ्या हातात दिली,
कमी पडली तर घाल म्हणून.

चाकं, साखळी, ब्रेक बसवले.
हेल्मेट घालून मी अंगणात उभी,
तर बाबा पुढं.
माझं वजन अठ्ठ्याऐंशी. मोडायची तर इथंच मोडू दे.
सळईच्या परीक्षेलाही ते असेच जातात,
आधी वाकवून बघायचं, बोलायचं मागून.

बसले. दोन्ही पाय उचलले.
आई भिंतीला टेकून.
पहिल्यांदा गल्लीच्या तोंडापर्यंत,
मग वळून, अंबड रोडच्या बाजूला,
लुंगी एका हातात धरून.

वळणावर काहीतरी कुरकुरलं.
आम्हा तिघींना ऐकू आलं,
त्यांना नाही.
सीट असेल, वैजूताई म्हणाली.

मी नाणं शोधायला आत गेले.