चौकशी

सून विचारते तेव्हा सांगतो, गुडघा.
दर मंगळवारी गुडघा.
आणि सिव्हिलच्या मागच्या अंगाला
चौदा नंबरच्या खोलीबाहेर जाऊन बसतो.
दारावरची पाटी मी वाचत नाही.

एकतीस वर्षं परभणी स्टँडावर
चौकशीच्या खिडकीत होतो.
जिंतूर किती वाजता, पाथरी गेली का,
गंगाखेड चारलाच लागते ना,
एका दमात दहा तोंडं.
जाळीला खाली अर्धगोल भोक,
त्यातून लोकांना माझा फक्त हात दिसायचा.

आता रात्री साडेतीनला जाग येते.
ती रातराणी पोचायची वेळ.
मी पडल्या पडल्या फलाट लावत राहतो,
सेलू दोन, मानवत तीन,
पालम...
पालम कुठं लागायची?
एवढं आठवेना म्हणून
एकदा उशीत तोंड घालून रडलो.
सकाळी नातू म्हणाला,
आबा, तुम्ही रात्री हसत होते.
मी हो म्हणालो.

प्रयाग गेली त्याला चार वर्षं झाली.
त्याचं नाही हे, असं मी सगळ्यांना सांगतो.
ती असताना भाजीत मीठ कमी पडलं
तर भांडण तरी व्हायचं.
आता कमी का जास्त, कळतच नाही.

गेल्या मंगळवारी बाकावर
शेजारी एक पांढरी दाढी येऊन टेकली.
आधी हात ओळखला,
गिअर टाकून टाकून वाकलेला अंगठा.
मुनीर. पूर्णा-बसमतचा ड्रायव्हर.
"कंट्रोलर साहेब, तुम्ही कामून इथं?"
"गुडघा. तुम्ही?"
"मह्याबी गुडघाच."
दोघांनी चार गुडघ्यांकडं पाहिलं.
धडधाकट होते बिचारे.
मग तो हसायला लागला,
आणि हसता हसता त्याचं थांबेचना.
मी उठून त्याच्यासमोर उभा राहिलो,
पाठ लोकांकडं करून.

डॉक्टरीणबाई नातीच्या वयाची.
पेन खाली ठेवून विचारते,
झोप कशी, भूक कशी,
आणि ते, जे मी इथं लिहीत नाही.
जाळीच्या ह्या बाजूला
मी पहिल्यांदाच बसलोय.
मागं रांग होती,
पण तिला खिडकी लावायची घाई नव्हती.
म्हणालो, "पालम कुठल्या फलाटाला लागायची,
आठवत नाही."
तिनं ते लिहून घेतलं.

बाहेर मुनीर थांबला होता,
गोळ्यांची पुडी मुठीत धरून.
त्यालाही विचारलं.
"सहा," तो म्हणाला.
"मोसंबीच्या गाड्यापाशी. विसरला व्हय?
तिथं उभं राहून तुम्ही मला
दोनदा मेमो दिलाय."

घरी आलो. सून म्हणाली, फरक आहे का काही?
थोडा, म्हणालो.
जिना चढताना
डावा गुडघा खरंच दुखत होता.