तिसरी तार

वाऱ्याशी वाद घालायचा नसतो,
हे मला पंपावरच्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं
पेट्रोल भरताना, मातेची नळी दातात धरून,
आणि मी मान डोलावली
दातांच्या डॉक्टरपुढे डोलावतो तशी.

मग साठ किलोमीटर वादच घातला.
पातागोनियात गाडी सरळ न्यायची तर कलती ठेवावी लागते,
म्हणजे एका खांद्याने बंद दार रेटत राहायचं;
आणि पलीकडून कुणी अचानक दार उघडलं,
वारा पडला,
की आपण सपशेल आत.

तशीच पडले.
इथली खडी गोल, सुटी, कुणाचंच न ऐकणारी.
माणूस पडताना फार सावकाश पडतो.
बघायला वेळ मिळाला:
आकाश, आरसा, माझाच बूट, परत आकाश.
मग शांतता, आणि मागचं चाक
अजून फिरतंय, बातमी न पोचल्यासारखं.

एक आरसा गेला.
डावा हातमोजा वाऱ्याने नेला,
तो आता अटलांटिकवर असेल.
आटवलेल्या दुधाची बरणी पेटीत फुटली
आणि मोजे, नकाशा, बहिणीने दिलेला शर्ट
एकमेकांना चिकटून बसले,
लग्नाच्या फोटोतल्या नातेवाइकांसारखे.
आणि क्लचची केबल. मुठीपाशी तुटली.

मी रोसारियोत पियानो लावते. पोट त्यावर आहे.
शेजारच्या खोलीतून सांगेन
कुठली तार उतरलीय, किती.
ही केबल चार दिवस कुरकुरत होती
आणि चार दिवस मी हेल्मेटमध्ये
मुद्दाम मोठ्याने गात होते.

काय करणार, सकाळच तशी होती.
गुआनाकोंचा कळप रस्त्याला धरून धावत होता,
त्यातलं एक, नुसती मान आणि पाय,
कुंपणावरून इतक्या सहज गेलं
की मी फूटरेस्टवर उभी राहून ओरडले.
काय ओरडले ते आठवत नाही.
बावन्नाव्या वर्षी असं ओरडायला
जागा फार लागते.

दोन तास कोणी नाही.
कुंपणाच्या सात तारा वाऱ्यात गुणगुणत होत्या,
तिसरी 'ला'च्या किंचित खाली.
हात नुसते शिवशिवत होते.

मग एवारिस्तो नाउएलकिर आला,
घोड्यावर, मागे दोन कुत्री.
खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारली,
मेंढीचे दात बघावेत तसा इंजिनापाशी वाकला.
"मोटरसायकल," म्हणाला.
मी हो म्हटलं.

घोड्याने गाडी घरापर्यंत ओढत नेली;
त्याला काय वाटत होतं
ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

घरात एक रेडिओ होता, दोन वर्षं मुका.
एवारिस्तोने त्याचं पोट उघडलं,
करंगळीच्या नखाएवढा पितळी जोड काढला,
केबलच्या टोकावर चढवून स्क्रू पिळला.
"चला, शेवटी उपयोगाला आला," ओफेलिया म्हणाली,
"चालत होता तेव्हा नुसत्या बातम्या द्यायचा."
तिने मेंढीच्या रश्शाची ताटली पुढे सरकवली.
बाहेर कुत्री माझे मोजे
चाटून चाटून स्वच्छ करत होती.

पैसे घेईनात. वाद घातला, हरले.
मग पक्कड मागून घेतली आणि बाहेर गेले.
रस्त्याकडेचंच कुंपण त्यांच्या दारापर्यंत येतं.
तिसरी तार अर्धा वेढा ताणली,
कान लावला, अजून जराशी.

एवारिस्तो उंबऱ्यात उभा होता.
"मेंढ्यांना काही फरक पडतो?"
"नाही."
त्याने थोडा वेळ ऐकलं.
मग म्हणाला, "पाचवीसुद्धा बघ."

तिथून अकरा किलोमीटरवर परत पडले.
या वेळी उजवीकडे.